ओबेदाची दाई

शास्त्रपाठ : रूथ ४ : १३–१७, १ शमुवेल ३० : २१–२५, १ तीमथ्य ५ : ४

रूथच्या पुस्तकाचा आरंभ तीन मृत्यूंनीं होतो आणि शेवट एका तान्ह्या मुलापाशीं होतो. दुष्काळ पडला म्हणून नामी आपल्या नवऱ्याबरोबर मवाब देशांत गेली. तेथें तिचा नवरा वारला व दोघे पुत्रही वारले. ती बेथलेहेमास परत आली तेव्हां गांवच्या बायांनीं तिला नामी म्हणूं नये, मारा म्हणावें, अशी तिची मागणी होती. कारण तिचें जिणें कडू झालें होतें. तीच बाई पुस्तकाच्या शेवटीं रूथचें मूल उराशीं घेऊन बसलेली आम्हांस दिसते. त्याची दाई होण्याचें काम तिनें पत्करिलें.

वाचकहो, ओबेद हा नामीच्या रक्ताचा नातू नव्हता. त्याची आई परदेशी सून, व बाप बवाज हा नामीच्या नवऱ्याचा नातलग. तरी शेजारणींनीं तें मूल नामीचेंच म्हटलें. उरीं धरणें, न्हाऊं घालणें, रात्रीं जागणें, ह्यांनीं ती आजी झाली. देवाच्या वचनांत सेवेनें नातें जुळतें.

भिवंडी तालुक्यांत हें लिहीत असतां आम्हांस तीन कामें करणारी बाई डोळ्यांपुढें दिसते : तरुणपणीं ती नर्स असते, लग्नानंतर शिपायाची बायको होते, म्हातारपणीं नातवंडांची आजी होते. ह्या तिन्ही कामांविषयीं शास्त्र काय शिकवितें तें पाहूं.

पहिलें काम दाईचें. आमच्या देशांत बाळंतपणाचें काम विटाळाचें मानीत. म्हणून तें अस्पृश्य मानिलेल्या जातींच्या बायांकडे असे. मध्यरात्रीं सुईणीस हांक मारावयाची, आणि उजाडल्यावर तिला उंबऱ्याबाहेर उभें करावयाचें, हा गांवचा न्याय होता. आमच्यांपैकीं कित्येकांच्या पणज्यांनीं तो सोशिला आहे. सन १८९१ सालीं मुंबईस काशीबाई गणपत ह्या बाई नर्सचें शिक्षण घेण्यास पुढें आल्या. असें शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या हिंदी बाई म्हणून त्यांचें नांव लिहिलेलें आहे. सन १८९४ सालीं डॉक्टर वानलेस ह्यांनीं मिरजेस मिशनचें इस्पितळ उघडलें. पुढें मिरज, वेंगुर्लें, जालना अशा ठिकाणच्या मिशन इस्पितळांत खेड्यांतल्या ख्रिस्ती मुली हें काम शिकल्या. तेव्हां लोक म्हणत, रात्रपाळी करणाऱ्या मुलीशीं लग्न कोण करील? परक्याचें मलमूत्र काढणें हें काय कुलीन बाईचें काम? ज्या प्रभूनें कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या मंडळींत असें बोलणें शोभत नाहीं.

ह्या कामास धैर्यही लागतें. सन २००८ च्या २६ नोव्हेंबर रोजीं रात्रीं मुंबईच्या कामा इस्पितळांत बंदूकधारी शिरले. त्या वेळीं अंजली कुलथे ह्या नर्सनें आपल्या वॉर्डांतल्या सुमारें २० गरोदर बायांस एका आंतल्या खोलींत नेलें आणि दारें लावून घेतलीं. त्या बाया कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या, हें विचारण्यास तिला सवड नव्हती. भिवंडीनें सन १९७० व १९८४ सालचे दंगे पाहिले आहेत. जखमेला धर्म नसतो हें येथें कोणास नव्यानें सांगावयास नको. यरीहोच्या वाटेवरल्या शोमरोन्यानेंही जखमा बांधण्यापूर्वीं नांव विचारिलें नाहीं.

दुसरें काम शिपायाच्या बायकोचें. दावीद आपले ६०० लोक घेऊन शत्रूच्या पाठीस लागला, तेव्हां २०० जण थकून बसोराच्या ओढ्यापाशीं सामानाजवळ राहिले. लढून आलेल्यांतील कांहीं दुष्ट म्हणूं लागले कीं, ह्यांस लुटींतला वांटा देऊं नये. दावीदानें तें मानिलें नाहीं. लढाईस जाणारा व सामानापाशीं राहणारा ह्यांस सारखा वांटा मिळावा, असा त्यानें नियम केला. हा दावीद कोण? ओबेदाचा नातू. नामीच्या मांडीवर वाढलेल्या मुलाच्या घराण्यांतून हा न्याय आला!

सामानापाशीं राहणारी म्हणजेच शिपायाची बायको. सन १९४१ सालीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. भिवंडीजवळ कल्याण येथें त्या युद्धांत लष्कराची मोठी छावणी होती; तिच्या जागीं पुढें उल्हासनगर वसलें. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे सन १९४४ च्या १० जुलै रोजीं इटलींत लढतां लढतां पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें वय २२ वर्षांचें होतें, आणि घरीं त्यांची तरुण बायको होती. पदकावर नांव एकाचें कोरितात, परंतु घरचें जातें, शेत, पाटावरलीं मुलें आणि पोस्टमनची वाट हीं दुसरीच्या वांट्यास येतात. दावीदाच्या नियमानें मान दोघांचा सारखा आहे.

तिसरें काम आजीचें. भिवंडींत यंत्रमाग १२–१२ तासांच्या पाळींनीं चालतात. आईबाप कामावर असतां मुलांस भाकर कोण देतें, शाळेंत कोण पोंचवितें, निजतांना प्रार्थना कोण शिकवितें? आजी. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. तरी त्या घरांत विश्वास टिकला, तो आजी लोईस हिच्यापासून आई युनीके हिच्याकडे, आणि तिच्यापासून मुलाकडे आला. पौलानें २ ऱ्या पत्रांत त्या म्हातारीचें नांव घालून तिचा उपकार मानिला आहे. उपदेशक गांवांत महिन्यांतून दोनदां येतो. आजी चुलीपाशीं रोज असते.

आतां आमच्याविषयीं. अशी बाई मरते तेव्हां थडग्यापाशीं आम्ही तिची स्तुति करितों. परंतु ती जिवंत असतां काय करितों? फौजेच्या पेन्शनीसाठीं वर्षांतून एकदां, बहुधा नोव्हेंबरांत, ती जिवंत आहे असा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशीं मुलगा तिला हात धरून बँकेंत नेतो. बाकीचे ३६४ दिवस तिची हयात घरांत कोणाच्या लक्षांत असते काय? पैसा वेळेवर निघतो आणि तिच्या डोळ्यांचें औषध राहून जातें, अशीं घरें असतील तर त्यांच्या मंडळीनें लाजावें. देवास अर्पण केलें असें सांगून आईबापांस उपाशी ठेवणाऱ्यांस प्रभूनें काय म्हटलें, तें मार्काच्या ७ व्या अध्यायांत वाचा. पौल तर तीमथ्यास स्पष्ट लिहितो कीं, विधवेच्या मुलांनीं आणि नातवंडांनींही प्रथम आपल्या घरच्या वडिलांचें ऋण फेडावयास शिकावें. ज्याला लोईसनें वाढविलें त्यालाच ही आज्ञा लिहिली आहे!

म्हणून उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारच्या आंत आपल्या गांवांतल्या अशा एका बाईच्या घरीं जा. तिचा दाखला, तिचें औषध, तिचें अंथरूण ह्यांची चौकशी करा. कागदपत्र अडले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत तिच्याबरोबर जा. तेंही पाळकाचेंच काम आहे. आणि नातवंडांनो, जिनें तुम्हांस न्हाऊं घातलें, तिचे पाय एकदां आपल्या हातांनीं धुवा. तिच्या तोंडून तिची हकीगत ऐका, म्हणजे देवानें तुमच्या घराण्यास कोणत्या वाटेनें आणिलें तें तुम्हांस कळेल.

नामीला वाटलें होतें कीं ती रिकामी परत आली. जें मूल तिनें मांडीवर घेतलें, त्याच्या वंशांत दावीद राजा झाला, आणि त्याच बेथलेहेमांत पुढें जगाचा तारणारा जन्मला. तिला ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. ती केवळ मूल सांभाळीत होती. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या दाईंच्या हातून देव काय घडवीत आहे, तें आम्हांसही ठाऊक नाहीं; परंतु ते हात थंड होण्यापूर्वीं धरण्याची बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.