मागच्याचं मडगार्ड

मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डाची एक गंमत आहे. पैसे आपण द्यायचे, बोल्ट आपण आवळायचे, आणि फायदा व्हायचा तो मागच्याला. चाक फिरतं तसा टायरला चिकटलेला चिखल मागून वर फेकला जातो. मडगार्ड नसलं तर पहिला फराटा मागं बसलेल्याच्या पाठीवर, आणि उरलेला मागून येणाऱ्याच्या तोंडावर. दोघं बसलेले असले तर चालवणारा कोराच राहतो. त्याच्या पाठीला दुसऱ्याची पाठ आडवी असते ना!

आमच्या गावात बऱ्याच पोरांनी मडगार्ड काढून टाकलंय. कारणं दोन. एक दिसण्याचं. मागचं शेपूट काढलं की गाडी रेसची वाटते म्हणे. त्यावर मी शाई घालवत नाही. दुसरं कारण मात्र खरं आहे. मंगळवेढ्याकडची माती काळी, ज्वारीची. पाऊस पडला की पायातली चप्पल ओढून घेणारी. टायर आणि मडगार्डाच्या मधे ती भरत जाते आणि चाक जाम होतं. सायकली होत्या तेव्हा आम्ही त्या खांद्यावर घेऊन यायचो. मोटारसायकल खांद्यावर घेता येत नाही, म्हणून पोरं मडगार्डच सोडवून टाकतात. पण कुळवाची फास मातीनं भरली म्हणून फास काढून कुणी कुळव हाकलेला मी बघितला नाही. काडी घ्यायची, माती काढायची, पुढं चालायचं.

दोन वर्षांमागं परतीच्या पावसात आमच्या भावकीतला एकजण किटल्या लावून दूध घालायला निघाला होता. पुढं एक बिनमडगार्डची गाडी. वळणावर चिखलाचा सपकारा बरोबर डोळ्यांत बसला आणि हा गाडीसकट चारीत गेला. हात मोडला, दूध सांडलं. सांडलेल्या दुधाचं एवढं नाही, पण प्लास्टर असेपर्यंत धारा काढायला घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यानं दोनातली एक म्हैस विकली. पुढचा गाडीवाला कोण, ते आजवर कळलं नाही. त्याला स्वतःलाही कळलं नसेल. तो बाजारात पोचला असेल, चहा प्याला असेल.

पारावर ह्याची लई चर्चा झाली. एकजण म्हणाला, मागच्यानं अंतर ठेवायला पाहिजे होतं. ते खोटं नाही. दुसरा म्हणाला, त्यानं काय जाणून केलं का? त्याला माहीतच नाही, मग त्याचा दोष कसला?

हे दुसरं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही शेतकरी माणसं. वरच्या अंगाच्यानं बांध फोडून पाणी खाली सोडलं की खालचा बांधावर उभा राहून शिव्या घालतो. नुकसान करणारा आणि सोसणारा, दोघांची तोंडं एकमेकांना दिसतात. बैलगाडीच्या मागनं चालणारा माणूससुद्धा हाक मारू शकायचा, गाडीवान मान वळवून बघायचा. मोटारसायकलनं ती सोय घालवली. मागचा ओरडेपर्यंत पुढचा फर्लांगभर गेलेला असतो. पण मागं चिखल उडतो हे तर प्रत्येकाला माहीत असतंय. माहीत नसतं ते एवढंच, की आज कुणावर उडला. ‘माहीत नव्हतं’ ह्या बोलण्यात मला तरी म्हशीची भरपाई दिसत नाही.

कायद्यानं मागं बसणाऱ्याचा विचार केलेला आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला मूठ पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं पाहिजे. आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. पोरं तेही काढतात, आणि मग आईला मागं बसवून दवाखान्यात नेतात.

गेल्या महिन्यात माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं मागचं मडगार्ड बोल्टाच्या भोकापाशी गंजून चिरलं. आत बसलेली माती ओल धरून ठेवती, पत्रा आतनंच खाल्ला जातो. नवं आणून घरीच बसवलं, पुतण्या हाताखाली होता. आधी मागच्या लाइटच्या वायरी सोडवल्या, मग दहा आणि बारा नंबरच्या पान्यानं जुनं उतरवलं. नव्याला आतल्या बाजूनं रंगाचा जादा हात दिला.

बोल्टावरनं आमची जुंपली. बोल्टाचं डोकं चाकाच्या बाजूला आणि नट बाहेर, असं मी घालायला लागलो. तसा हात नीट पोचत नाही, वेळ जातो. पुतण्या म्हणाला, “आबा, उलटा घाला की, आत कोण बघतंय?”

म्हटलं, “टायर बघतोय.”

बोल्टाचं टोक आत राहिलं आणि खड्ड्यात चाक वर उचललं, तर ते टोक टायर कापत जातं. मेन स्टँडवर गाडी असली की चाक खाली लोंबतं आणि मडगार्डाखाली चार बोटं जागा दिसती. ती फसवी असती. गाडी स्टँडवरनं काढून दोघांना बसवायचं, शॉकअप दाबून बघायचं, मग किती जागा उरली ते खरं.

मी दांडी धरून बसलो, मागं मंडळींना बसवलं, आणि पुतण्या बॅटरी घेऊन खाली वाकला. दोन बोटं आरामात जात होती. मंडळी म्हणाली, “एवढा दिवस घालवलाय, आता माझं लुगडं कोरं राहील ना?” पुतण्या हसला. त्याच्या स्वतःच्या गाडीचं मडगार्ड गोठ्याच्या पत्र्यावर पडलंय. मी त्याला काही बोललो नाही. दुधाचा माणूस त्याचा चुलतभाऊच, त्याची विकलेली म्हैस त्यानंच बाजारात नेली होती.

नव्या रबरी वायसर चार दिवसांत दबून बसतात आणि नट ढिले होतात. बाजारला निघायच्या आधी परत एकदा पाना लावायचाय.