भेटकार्डातला वाटेकरी

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची डागडुजी करायची होती तेव्हाची, १९८३ची गोष्ट. अमेरिकन एक्स्प्रेसने वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांसाठी जाहीर केलं: कार्ड वापराल तेव्हा दर व्यवहारामागे एक सेंट आणि नवं कार्ड घेतलंत तर एक डॉलर पुतळ्याला. त्यातून १७ लाख डॉलर जमले. पुतळ्याच्या पदरात हे पडलं. कंपनीच्या पदरात काय पडलं? कार्डाचा वापर २८ टक्क्यांनी वाढला आणि नव्या कार्डांसाठीचे अर्ज ४५ टक्क्यांनी. दानधर्म जाहिरातीच्या खात्यातून करता येतो आणि तो वसूलही होतो, हे अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना तेव्हापासून पक्कं कळलं.

दुकानांची गिफ्ट कार्डं त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आली. निमन मार्कस या अमेरिकी दुकानसाखळीने ती १९९४मध्ये विकायला काढली आणि ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीने पुढच्याच वर्षी दुकानात दर्शनी टांगली. त्याच सुमारास, १९९३मध्ये, जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. भेट घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचं मोल तिच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असतं, असं त्याला दिसलं. मग सरळ पैसेच का देऊ नयेत? आपल्याकडे लग्नात ५०१ रुपयांचं पाकीट हातात ठेवताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला होतं. कार्डाने तो संकोच निम्मा घालवला. उरलेला निम्मा, म्हणजे ‘फार विचार न करता उरकलं’ ही बोच, घालवायला दान उपयोगी पडतं.

१९९८मध्ये मिखाल स्ट्राहिलेव्हिट्झ आणि जॉन मायर्स यांनी छापलेलं संशोधन इथे लागू पडतं. खरेदीसोबत देणगीची जोड दिली तर ती गरजेच्या वस्तूंपेक्षा चैनीच्या वस्तूंवर जास्त चालते, असा त्यांचा निष्कर्ष. साबण घेताना कुणाच्या मनाला टोचणी नसते. आइस्क्रीम घेताना असते, आणि ती शमवायला दान बरं पडतं. गिफ्ट कार्ड तर बहुतेक चैनीसाठीच दिलं जातं.

पण या साऱ्यात सर्वांत प्रामाणिक सौदा जाहिरातीत दिसत नाही. तो शाळांमध्ये आणि चर्चमध्ये चालतो आणि त्याला ‘स्क्रिप’ म्हणतात. शाळेच्या बँडला गणवेश हवेत किंवा मुलांना सहलीला न्यायचंय. पालक आपल्या नेहमीच्या किराणा दुकानाचं १०० डॉलरचं कार्ड शाळेमार्फत घेतात आणि पूर्ण १०० डॉलर भरतात. शाळेला ते कार्ड समजा ९६ डॉलरला पडलेलं असतं. वरचे चार डॉलर निधीत. किराणा आणि पेट्रोलवर हा वाटा तुटपुंजा असतो, कपडे आणि हॉटेलांवर बरा. घरोघर फिरून कुकीचं पीठ आणि रंगीत कागद विकायला नको. आठवड्याची दूध-भाजी तर आणायचीच असते. दुकानदाराला काय मिळतं? पैसे आधी हातात येतात, ते दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाहीत, आणि कार्ड घेऊन आलेला माणूस कार्डातल्या रकमेवर क्वचितच थांबतो. शिवाय सूट द्यायची ती कार्ड खपल्यावरच. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने माल खपो न खपो, तिचं बिल भरावंच लागतं.

यातही गडबड होते. व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबमध्ये पालक अशा विक्रीतून पैसे उभे करत आणि ज्याने जितकं जमवलं, तितकी त्याच्या मुलांच्या खर्चात सवलत मिळे. विक्रीत जो उतरला नाही, त्याच्या मुलीला काही नाही. २०१३मध्ये कर न्यायालयाने सांगितलं की हा धर्मादाय नव्हे, स्वतःचा फायदा. क्लबची करमाफी गेली. गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून झालेली भांडणं पाहिलेल्या कुणालाही हा निकाल सहज पटेल.

मोठ्या साखळ्यांचं गणित मात्र वेगळं. स्टारबक्सने ‘रेड’ या दानमोहिमेचं कार्ड काढलं, तेव्हा कार्ड विकताना नव्हे, ते प्रत्येक वेळी वापरल्यावर पाच सेंट एड्सविरोधी जागतिक निधीला जायचे. हुशारीची रचना: दान हवं तर कॉफी प्यायला परत या. पाच सेंट कुणाला बोचत नाहीत, पण कॉफीच्या कपाच्या किमतीशी ताडून पाहिले तर त्यांचा उदारपणा फार मोठा वाटत नाही.

त्याहून मोठी रक्कम न वापरलेल्या कार्डांत पडून असते. कपाटात विसरलेली, पाकिटात दोन डॉलर उरलेली, कुणीतरी हरवलेली. व्यापारात त्याला ‘ब्रेकेज’ म्हणतात. स्टारबक्सच्या वार्षिक हिशेबात अलीकडे अशी रक्कम वीसेक कोटी डॉलरच्या घरात उत्पन्न म्हणून दाखवलेली दिसते. कायद्याने थोडा चाप लावला आहे. २००९च्या अमेरिकी कायद्यानुसार कार्डातले पैसे किमान पाच वर्षं बुडत नाहीत, आणि काही राज्यं बेवारस रक्कम स्वतःकडे घेतात. पण दानाची जाहिरात करणारी दुकानं या विसरलेल्या पैशांबद्दल सहसा बोलत नाहीत. कार्ड खपवायला लागणारे चार टक्के द्यायला तयार, आणि ज्यासाठी काहीही करावं लागलं नाही ते मात्र खिशात.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांत गिफ्ट कार्डाची मर्यादा दहा हजार रुपये आणि मुदत किमान एक वर्ष आहे; एकाच दुकानात चालणारी कार्डं मात्र या परवान्याच्या चौकटीबाहेर आहेत. दिवाळीत कंपन्या कर्मचाऱ्यांना देतात त्या कार्डांपैकी काही पुढच्या दिवाळीपर्यंत टेबलाच्या खणातच असतात. आनंदवनातून आणि ‘क्राय’कडून शुभेच्छापत्रं विकत घेणारी मराठी घरं कमी नाहीत, म्हणजे कागदाच्या किमतीत दान मिसळायची सवय इथे आहेच. एखाद्या पुणेरी मिठाईवाल्याने किंवा सराफाने कार्डाच्या पाठीवर दोन ओळी छापल्या तरी पुरे: विक्रीतला किती टक्का कुणाला जाईल, आणि मुदत संपल्यावर उरलेले पैसे कुणाला. पहिली ओळ छापायला कुणीही तयार होईल. ग्राहकाने विचारायची ती दुसरी.