मानाची रांग

डिसेंबरच्या अखेरीस एक गृहस्थ सकाळच्या विमानाने पुण्याहून दिल्लीस जातो, तेथल्या विमानतळावरच चहा पितो आणि दुपारच्या विमानाने परत पुण्यास येतो. दिल्लीत त्याचे काही काम नसते, कोणी आप्तही तेथे आजारी नसतो. विमानतळाच्या बाहेर तो पाऊलसुद्धा टाकीत नाही. विमानकंपनीच्या हिशेबात वर्षअखेर त्याचे दोन प्रवास कमी पडत असतात आणि ते भरून निघाले नाहीत तर त्याचे सोनेरी कार्ड पुढल्या वर्षी रुपेरी होणार असते, एवढेच कारण. हे पात्र मी कादंबरीत घातले असते तर अतिशयोक्तीचा आरोप माझ्यावर खास आला असता. पण हा गृहस्थ खराच आहे. तळेगावकडचा आहे, हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मूर्ख तर मुळीच नाही. म्हणूनच त्याच्या या दिल्लीवारीचा विचार करावासा वाटतो. मूर्खाच्या कृतीत विचार करण्याजोगे फारसे नसते.

ज्यांचा विमानाशी संबंध पाहुण्यांना पोचवण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी ही काय भानगड आहे ते सांगावयास हवे. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नेहमीच्या उतारूंना गुण द्यावयास प्रारंभ केला आणि पाहता पाहता जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तो कित्ता गिरविला. या हिशेबाला दोन खाती असतात, आणि गंमत अशी की ती सहसा एकच समजली जातात. एका खात्यात गुण साठतात. ते देऊन पुढे कधी तिकीट मिळते, म्हणजे वाण्याकडे साठलेल्या उधारीच्या उलट प्रकार. दुसऱ्या खात्यात दर्जा ठरतो. रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम अशा त्याच्या पायऱ्या. दर्जा वाढला की सामान तोलण्याची रांग वेगळी, विमानात चढण्याची पाळी आधी, बसावयास निराळा दिवाणखाना, आणि तेथे चहाफराळ फुकट. मात्र गुण साठून राहतात, तर दर्जा ठरावीक मुदतीनंतर पुन्हा कमवावा लागतो.

या सुखसोयींची थट्टा करणे सोपे आहे, पण ती मला करावयाची नाही. जो माणूस महिन्यातून सहा वेळा बंगलोर-दिल्ली करतो, रात्री अकराला हॉटेलात पोचतो आणि सकाळी सातला गळपट्टा बांधून उभा राहतो, त्याला पाऊण तास मऊ खुर्चीत टेकावयास मिळाले तर त्यात वाईट काय? लोणावळ्याच्या लोकलला पासवाली मंडळी जागा धरतात, तेव्हा त्यांना आपण लोभी म्हणत नाही. दमलेल्या शरीराला टेकावेसे वाटते. कामासाठी करावयाच्या प्रवासातून दर्जा आपोआप आला तर तो खुशाल घ्यावा. प्रश्न दर्जा घेण्याचा नाही, त्याच्या मागे लागण्याचा आहे. दिल्लीच्या त्या फेरीत हा माणूस दमला होता तो विश्रांतीचा हक्क मिळविण्यासाठी. हे गणित वर्गात फळ्यावर मांडले तर सातवीतला पोरगादेखील हात वर करील.

पण गणित चुकते आहे हे त्यालाही कळत होते. तरी तो गेला. म्हणजे खुर्ची आणि चहा ही त्याची खरी ओढ नव्हे. ती दुसऱ्याच कशाची तरी होती, आणि ती काय हे पाहावयास आम्हां मावळातल्या लोकांना विमानतळावर जावयाची गरज नाही. आमच्या दारावरूनच दख्खनची राणी जाते. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला दोनच वर्ग होते, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाच्या माणसाने तिला लोणावळ्याच्या फलाटावर उभे राहून पाहावे, तीत बसू नये. पुढे १९४९ च्या आरंभी तिचा पहिला वर्ग गेला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. डबा, बाक, खिडकी सगळे तेच, पण त्यात बसणारा एका रात्रीत पहिल्या वर्गाचा उतारू झाला! जून १९५५ मध्ये तिला तिसरा वर्ग जोडला गेला आणि १९७४ साली त्या तिसऱ्याचे नाव दुसरा झाले. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. ती सगळ्या वर्गांना एकाच जोराने ढकलतात.

वर्गाचे नाव बदलले की माणसाला आपण बदललो असे वाटते. याचे कारण वर्ग ही डब्याची स्थिती नसून दोन माणसांमधले अंतर आहे. मऊ खुर्ची एकट्याने भोगता येते, पण पुढची रांग एकट्याला भोगता येत नाही. तिला मागची रांग लागते. सगळेच उतारू सोनेरी झाले तर सोनेरीची रांगच सर्वांत लांब होईल आणि कंपनीला त्यावर आणखी एखादा धातू शोधावा लागेल. शाळेत पहिल्या नंबराचे असेच असते, पण तेथे निदान मुलाला भूमिती तरी येऊ लागते. या दर्जाने काय येते? विमान सर्वांना घेऊन एकाच क्षणी जमिनीला टेकते. एअर इंडियाने १९४६ साली पगडी घातलेला, कमरेत वाकून स्वागत करणारा महाराजा आपल्या निशाणीवर आणला. महाराजा कंपनीचा नोकर आणि तिकीट काढणारा त्याचा धनी, अशी ती मोठी चतुर खूण होती. आता त्याच महाराजाच्या नावाने सभासदांचा क्लब आहे आणि त्यात शिरण्यासाठी धनीच धावतो आहे.

आणि हा मान किती तकलुपी! जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गुणांचे काम वेगळ्या कंपनीकडे होते म्हणून ते गुण कसेबसे तगले, पण ज्या रांगेत पुढे उभे राहावयाचे ती रांगच उरली नाही. शिकागोच्या एका दलालाने १९८७ साली अडीच लाख डॉलर मोजून अमेरिकन एअरलाइन्सचा जन्मभराचा पास घेतला होता. त्याने हजारो फेऱ्या केल्या. २००८ साली कंपनीने गैरवापराचा आरोप ठेवून तो पास रद्द केला, आणि प्रकरण कोर्टात गेले. जन्मभर म्हणजे कोणाचा जन्मभर, हे तिकिटावर छापलेले नसते.

आमच्या या गृहस्थाची बाजू मात्र एका ठिकाणी बळकट आहे. तो म्हणतो, "गुरुजी, या गुणांवर मी आईवडिलांना काशीला नेले. पगारातून नेले असते, पण मग आई तिकिटाची किंमत विचारीत बसली असती." हे खोटे नाही. आयुष्यभर भातखाचरात वाकलेल्या त्या दोघांनी ढगावरून गंगेकाठी जावे, याहून त्या फेऱ्यांचा चांगला विनियोग मला सुचत नाही. पण येथेच ती दोन खाती वेगळी करून पाहिली पाहिजेत. काशी घडली ती गुणांवर. गुण दुसऱ्यासाठी खर्च करता येतात. दिल्लीची फेरी होती ती दर्जासाठी, आणि दर्जा दुसऱ्याला देता येत नाही. काशीस निघताना या तिघांना विमानतळावर तासभर थांबावे लागले. सोनेरी कार्डावर दिवाणखान्यात एकच पाहुणा नेता येतो. वडील म्हणाले, "तुम्ही दोघं जा, मी हितं सामानापाशी बसतो." आईने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि बाहेरच्या खुर्चीवरच दशम्यांचे गाठोडे सोडले. मुलगाही तेथेच बसून जेवला. ही हकीकत त्याने मला स्वतःच हसत हसत सांगितली, आणि त्यानंतरच्या डिसेंबरात तो पुन्हा दिल्लीस जाऊन आला. त्या रविवारी वडिलांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे ठरले होते. ते पुढल्या रविवारवर गेले. डोळ्याचे त्यामुळे काही बिघडले नाही, हे मी न्यायाने सांगितले पाहिजे. पण वडिलांनी त्या दिवशी दाढी करून, टोपी घालून दुपारपर्यंत ओटीवर वाट पाहिली, हेही तितकेच खरे.

यावर कोणी म्हणेल की मानाची हाव आपल्याकडे काय विमानाबरोबर आली? छे! देहू आमच्या वेशीवर आहे. तुकोबांच्या पालखीत रथापुढच्या दिंड्या आणि रथामागच्या दिंड्या यांचे क्रमांक ठरलेले असतात, आणि आपला क्रमांक सांगताना वारकऱ्याचा आवाज थोडा चढतो. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात मुंबईकडचे कोळी येतात, तेव्हा पालखीच्या मानावरून बोलाचाली होत नाही असे कोण म्हणेल? कितवी वारी, हा प्रश्न आमच्याकडे नोकरी किती वर्षे झाली या थाटात विचारला जातो. वारी चुकू नये म्हणून पेरणीची घाई करणारा शेतकरी आणि वर्ष संपण्यापूर्वी दिल्ली गाठणारा उतारू, यांच्यात दुरून पाहणाऱ्याला फार फरक दिसावयाचा नाही.

मला तो दिसतो, तो असा. कार्ल्याच्या लेण्यात खांबाखांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, धेनुकाकटचे यवनही आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे कोरवून ठेविले. ही माणसे बोरघाटाच्या वाटेवरची. मानाची हौस त्यांना कमी नव्हती, नाहीतर नाव कशाला कोरतील? पण त्यांना मान हवा होता तो खांब देऊन. मानकऱ्याला मान असतो तसे कामही असते. पदरमोड करून यावे लागते, पालखीला खांदा द्यावा लागतो, आलेल्यांना जेवू घालावे लागते. त्याने आपला मान सोडला तर कोणाचे तरी अडते. आमच्या गृहस्थाचे कार्ड रुपेरी झाले असते तर जगात कोणाचेच काही अडले नसते, त्याचे स्वतःचेसुद्धा नाही. हे मी त्याला बोलून दाखविले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, ऑफिसात वर्षभर मी कोणाचा तरी हाताखालचा असतो. त्या एका खिडकीपाशी तेवढे माझे नाव घेऊन या म्हणतात." याला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. घरी, ओटीवर, त्याला नावाने हाक मारणारे कोणी आहे, एवढे माझ्या मनात आले. पण वडील पलीकडेच बसले होते, म्हणून मी विषय बदलून यंदाच्या इंद्रायणी तांदळाचा भाव काढला.