चेहऱ्यावरून कळत नाही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाचा तास चालू होता. विषय होता समोच्च रेषांचा. सरांनी फळ्यावर डोंगर काढला, त्याभोवती रेषा काढल्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की चढ सौम्य, एवढं सांगून त्यांनी सवयीने विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?"

"हो सर," वर्ग म्हणाला.

"नाही," सुयोग म्हणाला.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सुयोगचं तिकडे लक्ष नव्हतं. तो भिंतीकडेच्या बाकावर बसायचा, कारण मधल्या रांगेवरचा पंखा घरघरायचा आणि ती घरघर सुरू झाली की सरांचे शब्द कानावर पडत, पण त्यांचा अर्थ लागत नसे. हातात सुतळीचा एक तुकडा असायचा. बोटं त्याला गाठी मारत आणि सोडवत राहिली की लक्ष जागेवर राहायचं. तो स्वमग्न आहे हे प्रवेशाच्या वेळी त्याच्या आईने प्राचार्यांना सांगितलं होतं. पुढे वर्गाला त्यानेच सांगितलं, आपलं आडनाव सांगावं इतक्या सहज.

"काय नाही समजलं?" सरांनी जरा तुटकच विचारलं.

"दरी आणि डोंगराची सोंड. दोन्हीकडे रेषा वाकलेल्याच आहेत. नुसतं पाहून कसं ओळखायचं?"

सरांनी वर्गाकडे पाहिलं. "सांगा बघू कोणीतरी." कोणी वहीत पाहू लागलं, कोणी खिडकीबाहेर. ज्यांना सगळं समजलं होतं त्यांच्यातल्या एकालाही हे सांगता येईना. मग सरांनी खडू उचलला आणि प्रत्येक रेषेवर उंचीचा आकडा घातला. रेषेच्या वळणाचं टोक चढत्या आकड्यांकडे असेल तर ती दरी, उतरत्या आकड्यांकडे असेल तर ती सोंड. पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं मिळाली नसती, तर अख्खा वर्ग परीक्षेत दरीला सोंड म्हणून आला असता.

त्या दिवसापासून सरांनी "समजलं का?" विचारणं सोडलं. तास संपताना ते एक प्रश्न फळ्यावर लिहीत आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहून टेबलावर ठेवायचं. बदल सुयोगच्या एका 'नाही'मुळे झाला, फायदा मागच्या बाकांना जास्त झाला.

कॉलेजात सगळंच असं सरळ जात नव्हतं. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत ती आली. म्हणून सुयोगला परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा मिळत. तीन तासांचा पेपर त्याला चार तासांत लिहिता यायचा. पण मुलांच्या गटात जागा मिळवून देईल असं कलम कुठल्या कायद्यात असणार? पहिल्या वर्षी प्रकल्पाचं काम वाटून घेताना एकजण त्याला म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नकोस, आम्ही बघतो." सुयोगने टेन्शन घेतलं नाही आणि प्रकल्पही घेतला नाही. शेवटच्या आठवड्यात गट त्याच्यावर चिडला. "एवढं कळू नये?" सुयोगने प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही कळलं. आम्ही बघतो असं तुम्हीच म्हणालात." तेव्हापासून त्याला गटात घ्यायला कोणी राजी नसे.

दुसऱ्या वर्षी तो राष्ट्रीय सेवा योजनेत गेला. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याला तेच आवडलं. डिसेंबरातलं शिबिर डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत होतं. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी कित्येक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, जांभा सच्छिद्र. पाणी थांबतच नाही. म्हणून वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचं ठरलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, दाभणाने तोंड शिवायचं, आणि भिंतीत विटा रचतात तसे सांधे मोडत त्या एकीवर एक रचायच्या. पावसाळा सरला आणि पऱ्याचं पाणी कमी झालं की हे काम करायचं. अडलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरी थोड्या जास्त दिवस टिकतात.

पऱ्या सहा मीटर रुंद होता. बांध तळाशी दीड मीटर, माथ्याला ६० सेंटिमीटर आणि उंचीला ९० सेंटिमीटर घ्यायचा ठरला. गोण्यांचा हिशेब दीडशेच्या वर गेला. फाटक्या निघतील म्हणून दोनशे मागवल्या. मुलांचे चार गट झाले. दोन गटांनी गोण्या भरायच्या, तिसऱ्याने डाव्या काठाकडून बांध रचत यायचं आणि चौथ्याने उजव्या काठाकडून. गटप्रमुखांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली. चौथ्या गटाच्या चिठ्ठीत सुयोगचं नाव निघालं.

"मॅडम, परत काढू या," कोणीतरी पुटपुटलं.

शिबिर घेणाऱ्या मॅडमनी चिठ्ठी हातातच ठेवली. "सुयोग, जमेल तुला?"

"काय काय करायचं असतं?"

"म्हणजे… सगळ्यांकडे लक्ष ठेवायचं. सगळं बघायचं."

"सगळं म्हणजे काय काय?"

मॅडम उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. बरीच वर्षं त्या शिबिरं घेत होत्या, पण गटप्रमुखाने नेमकं काय करायचं असतं हे त्यांनी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. त्या शाळेच्या ओट्यावर बसल्या आणि सुयोगबरोबर यादी लिहू लागल्या. यादी संपायला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या गटाचा प्रमुख प्रथमेश काठावरून ओरडला, "चला रे, लागा कामाला!" प्रथमेश उमदा मुलगा होता, सगळ्यांचा लाडका. त्याची मुलं हसतखेळत पऱ्यात उतरली. चारजण काम करत होती, बाकीची त्यांच्या भोवती उभी राहून सूचना देत होती.

चौथ्या गटात कोणी ओरडलं नाही. सुयोगने खोक्याचा एक मोठा पुठ्ठा काजूच्या खोडाला बांधला. त्यावर मार्करने लिहिलं होतं: तळाची वाळू कोणी काढली, ती निघाल्याचं कोणी पाहिलं, गोण्या कोण शिवणार, कोण वाहणार, कोण रचणार. दर अर्ध्या तासाने शिट्टी, शिट्टीला पाणी प्यायचं आणि काम बदलायचं. खाली आणखी दोन ओळी होत्या.

"दमलात, दुखलं, राग आला तर तोंडाने सांगा. मला चेहऱ्यावरून कळत नाही."

"गोंगाट फार झाला तर मी काजूखाली जाईन. १५ मिनिटांनी येईन. तोवर सायली बघेल."

पहिली ओळ वाचून मुलं हसली. थट्टा तासभर चालली. कोणी मुद्दाम विव्हळत येऊन सांगे, "गटप्रमुख, मला राग आलाय!" सुयोग शांतपणे विचारी, "कशाचा?" आणि थट्टा तिथेच संपे.

मग सागर त्याच्याजवळ आला. सागर गटातला सर्वांत दणकट मुलगा. जड काम निघालं की सगळे त्याच्याकडे बोट दाखवत. तो हळूच म्हणाला, "माझा उजवा खांदा कबड्डीत निखळला होता. उचलताना दुखतो."

"ठीक," सुयोग म्हणाला आणि पुठ्ठ्यावर सागरचं नाव शिवण्याच्या रांगेत लिहिलं.

थोड्या वेळाने एक मुलगी आली. तिच्या पोटात दुखत होतं आणि तिला त्या दिवशी पाण्यात उतरायचं नव्हतं. वाटेत तिने एक सबब तयार करून ठेवली होती. सुयोगने सबब विचारलीच नाही. "ठीक. नावं लिहिण्याचं काम घेशील?" एवढंच म्हणाला. ती मार्कर घेऊन बसली.

सुयोगचं सगळंच बरोबर होतं असं नाही. शिट्टी झाली की तो काम थांबवायचाच, मग गोणी अर्धी उचललेली का असेना. दोनदा असं झाल्यावर गटातली सायली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आत्ता वाजवू नकोस. ही रांग पुरी होऊ दे."

"अर्धा तास लिहिलंय."

"मग तसं लिही ना. रांग पुरी झाल्यावर शिट्टी."

सुयोगने विचार केला, आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. आपलं खोडलं गेलं याचं त्याला काहीच वाटलं नाही. दुपारपर्यंत मुलं स्वतःहून पुठ्ठ्याकडे जाऊन सुधारणा सुचवू लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बांध मधोमध मिळाला. पाणी चढू लागलं, मुलांनी जल्लोष केला. पण सकाळी येऊन पाहतात तो पाणी गुडघ्याच्याही खाली. वाडीतले एक आजोबा काठी टेकत आले, डाव्या काठाशी बांधाच्या खालच्या अंगाला गेले आणि बोट दाखवलं. "बाबांनो, पाणी तळातून जातंय. वाळू तशीच ठेवून वर रचलीत काय?"

प्रथमेशने आपल्या मुलांकडे पाहिलं, मुलांनी प्रथमेशकडे. "मला वाटलं, तुम्ही काढली असेल."

"आम्हाला वाटलं, तू बघितलं असशील."

"हे काय सांगायला हवं होतं?"

बघता बघता सगळेच एकाच वेळी बोलू लागले. कोणाच्या तरी स्पीकरवर गाणं चालू होतं, ते बंद करा म्हणून दुसरा ओरडत होता. मॅडम हाका मारत होत्या. सुयोगने दोन्ही कान घट्ट दाबले, वळला आणि चढावर काजूच्या झाडाकडे चालू लागला.

"बघा, पळाला!" पहिल्या गटातला एकजण म्हणाला. "ऐन वेळी."

"पळाला नाही," सायलीने पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "वाच. १५ मिनिटांनी येईल." आणि तिने शिट्टी वाजवली. चौथ्या गटाची मुलं आपापल्या जागी गेली. कोणी काय करायचं ते लिहिलेलं होतंच. डाव्या काठाच्या गोण्या एकेक करून उतरू लागल्या. तिसऱ्या गटाने दोन मिनिटं नुसतं पाहिलं. मग प्रथमेश स्वतः पुढे झाला. "आमची नावंही लिहा त्यावर," तो म्हणाला.

सुयोग सांगितल्या वेळी परत आला तेव्हा तळाची वाळू खरवडून जांभा उघडा झाला होता. त्याने पुठ्ठा पाहिला. 'वाळू काढली' यापुढे प्रथमेशचं नाव होतं, 'पाहिली' यापुढची जागा रिकामी. सुयोग पऱ्यात उतरला, हाताने तळ चाचपून पाहिला आणि तिथे आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बांध पुन्हा उभा राहिला आणि पाणी ठरलेल्या उंचीवर येऊन वरून वाहू लागलं.

त्या रात्री बौद्धिकाला पाहुणे आले नव्हते, म्हणून मॅडमनी मुलांनाच बोलतं केलं. एकाने सुयोगला विचारलं, "तुला हे सगळं सुचलं कसं?"

"सुचलं नाही," सुयोग म्हणाला. "मला माहीत नव्हतं म्हणून मॅडमना विचारलं. विचारलेलं विसरतो म्हणून लिहिलं."

सगळे हसले, पण या वेळी हसण्यात थट्टा नव्हती. मग सागर उठला. "शाळेपासून प्रत्येक कामात मला जड बाजूला उभं करतात," तो म्हणाला. "खांदा दुखावल्यावरही मी कोणाला बोललो नाही. वाटायचं, आपले मित्र आहेत, दिसत असेल त्यांना. कोणाला दिसलं नाही. याने सांगून टाकलं की याला दिसत नाही, तेव्हा माझं तोंड उघडलं."

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "पोरांनो, चेहऱ्यावरून कळत नाही हे सुयोगने पुठ्ठ्यावर लिहिलं. आपल्यापैकी कितीजणांना कळतं? मला सागरचा खांदा कळला नाही. प्रथमेशला त्याच्या गटाचं मन कळलं नाही, गटाला त्याचं कळलं नाही. फरक एवढाच, की आपल्याला कळतं अशी आपली समजूत होती."

पुढच्या वर्षीच्या शिबिरात चारही गटांनी पुठ्ठे बांधले. प्रत्येकावर चेहऱ्याची ती ओळ होती आणि ती लिहिणाऱ्या चौघांत स्वमग्न कोणीच नव्हतं.

तात्पर्य: न बोलता सगळं समजतं, या भरवशावर चालणाऱ्या कामाच्या तळाशी वाळू राहून जाते. आपल्याला काय कळत नाही हे जो चारचौघांत सांगतो, त्याच्यापुढे इतरांनाही आपली अडचण सांगायला भीती वाटत नाही. पुढारपण करायचं असेल त्याने आधी विचारायला शिकावं, आणि विचारलेलं सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवावं.