तांबटाचे पाणी आणि लोहाराचे पाणी

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरमध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या मालात सुती कापडाबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांचीही नोंद आढळते. आणि त्याच मुलखातील लोहारा येथील लोहखनिजाची कीर्ती अशी की, चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीच्या १८८२ च्या अहवालाने जमशेटजी टाटांचे लक्ष वेधून घेतले. हे दोन्ही धातू घडवताना त्यांना मऊ करण्याची जी क्रिया करावी लागते, तिला धातुशास्त्रात अनुशीतन म्हणतात. म्हणजे धातू ठरावीक मर्यादेपर्यंत तापवून मग निववणे आणि त्यायोगे त्याचा कडकपणा व आतला ताण घालवणे.

तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत गेली की त्याच्या स्फटिकरचनेतील दोष वाढत व एकमेकांत गुंतत जातात, पत्रा कडक होतो आणि तसाच ठोकत राहिल्यास तडकतो. म्हणून तांबट तो भट्टीत लालसर होईपर्यंत तापवतो, तेव्हा ताणाने विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतात. या बदलाला पुनःस्फटिकीभवन हे नाव आहे. हे घडून गेल्यावर पत्रा सावकाश निवला काय किंवा लगेच पाण्यात बुडवला काय, तांबे मऊच राहते, आणि एक हंडा पुरा होईपर्यंत हा क्रम पुनःपुन्हा करावा लागतो. पोलादाचे मात्र नेमके उलट आहे. लाल पोलाद पाण्यात बुडवले की त्यातील कार्बन स्फटिकांतच अडकून पडतो आणि ते कमालीचे कठीण होते. त्याला मऊ करायचे, तर राखेत पुरून हळूहळू निवू द्यावे लागते. एकाच पाण्याने एक धातू कठीण होतो आणि दुसरा मऊच राहतो, हे परंपरेने काम करणाऱ्या कारागिरांना स्फटिकशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

भाषेने मात्र या दोघांपैकी लोहाराचीच बाजू घेतली. हत्याराला पाणी देणे, एखाद्याचे पाणी जोखणे, पाणीदार माणूस (या शब्दात मोत्याच्या पाण्याचाही वाटा आहेच), पोलादी निर्धार, हे सारे कठीणपणाचे गौरव आहेत. तावून-सुलाखून निघणे हा प्रयोग सराफाच्या पारखीतून आला असला, तरी त्याचा रोखही कसोटीला उतरण्याकडेच आहे. उलट नरम पडणे, पाघळणे, मेणासारखे होणे यांत दुबळेपणाची छटा ठरलेलीच. रसशास्त्रातही तांब्याचे पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र अशा द्रवांत सात-सात वेळा बुडवण्याचा विधी आहे. परंतु त्या क्रियेला नाव मिळाले ते शोधन, म्हणजे शुद्धीचे. पत्रा मऊ होतो, या गोष्टीला त्या नावात जागा मिळाली नाही.

इंग्रजीतही निराळे घडले नाही. अनुशीतनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘अॅनील’ या क्रियापदाचा मूळ अर्थ पेटवणे, जाळणे असा असून पुढे तो काचेवरील रंग भाजून पक्का करण्याकडे वळला, आणि साहित्यात दुःखाच्या आगीतून कणखर होणे असा त्याचा लाक्षणिक वापर रूढ झाला, म्हणजे कारखान्यातील अर्थाच्या थेट विरुद्ध. या उलटापालटीचा फोलपणा दाखवणारे उदाहरण भारतातच घडले. येथील ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असतानाच, कोणी हात न लावता, तडकू लागली. घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण आणि तबेल्यांच्या हवेतील अमोनिया यांच्या संयोगाने हे घडते, असा खुलासा १९२१ मध्ये झाला. उपाय निघाला तो बेताच्या उष्णतेने ताण काढून टाकण्याचा, पितळ अधिक कठीण करण्याचा नव्हे.

लाक्षणिक अर्थ रुळावर आणला तो कवींनी नव्हे, तर गणकशास्त्राने. किर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेक्की यांनी १९८३ मध्ये अनुशीतनाच्याच नावाने मांडलेल्या पद्धतीत, उदाहरणार्थ अनेक गावे फिरून येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधताना, संगणकाला आरंभी वाईट पर्यायही स्वीकारण्याची मुभा दिली जाते आणि ‘तापमान’ नावाची एक संख्या हळूहळू उतरवत ती मुभा कमी केली जाते; घाईने उतरवल्यास उत्तर मध्यम प्रतीच्या पर्यायातच अडकून बसते. येथे रूपकाने आगीइतकेच निवण्यालाही महत्त्व दिले आणि जुन्या अर्थाचा हरवलेला अर्धा भाग परत मिळवला.

मराठीत अनुशीतन हा शब्द अजून पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा आलेला नाही, त्यामुळे त्याचा लाक्षणिक अर्थ अद्याप ठरायचा आहे. संकटातून कणखर झालेल्या माणसासाठी पाणीदार हा शब्द मराठीकडे आधीपासून आहे. आतला ताण सोडून पुन्हा घडण्याजोग्या झालेल्या माणसासाठी नाही. अनुशीतनाला पहिला अर्थ चिकटवणे शास्त्राच्या आणि भाषेच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे ठरेल.