मल्लाचा अपराध कोणाच्या माथी?

हडपसरकडील जत्रांत जिंकलेल्या मल्लास आपण फेटा बांधितो, खांद्यावर घेऊन मिरवितो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत, आपली पाठ टेकली नसता हार दिली असे म्हणून, शिवराज राक्षे ह्याने पंचास लाथ मारिली. त्यास तीन वर्षांची बंदी सांगण्यात आली. कोणी म्हणतात, पंचाने चिडविले, लोकांनी चढविले. मल्लाचा काय दोष? यहेज्केलाच्या काळचे लोकही आंबट द्राक्षांची म्हण सांगून आपले पाप वाडवडिलांवर ढकलीत. देवाने ती म्हण बंद केली. अन्याय झालाही असेल; परंतु पाय ज्याचा त्याचाच होता.

मग फेटा बांधणारे आपण सुटलो काय? बळवंत शमशोनाने दलीलेस गुपित सांगितले ते स्वतःच्याच तोंडाने, हे खरे. परंतु ज्या इस्राएलाचा त्याने वीस वर्षे न्याय केला, त्यांतील कोणी, तो गज्जाच्या बंदिशाळेत दळण दळीत असता, त्यास भेटावयास गेल्याचे शास्त्रात आढळत नाही. भाऊबंद आले, ते प्रेत न्यावयास.