डोंगरावरचीं झाडें व आपली साक्ष

वाचन: अनुवाद २०:१९, २०



नगरास वेढा घालतांनाही तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये, असा नियम देवानें मोशेच्या द्वारें इस्राएलास दिला. वेढ्यास लागणारें लांकूड इतर झाडांचें घेण्याची मोकळीकही त्यांत आहे. म्हणजे देव मनुष्याची गरज जाणतो, परंतु तिला मर्यादा घालितो.

मीरा-भाईंदरास हा प्रश्न आपल्याच काळीं उभा राहिला. मेट्रो क्रमांक ९ ची कारशेड प्रथम राई, मुर्धे व मोर्वा या गांवांकडे व्हावयाची होती. घरें व जमिनी जातील म्हणून गांवकऱ्यांनीं विरोध केला. तेव्हां ती डोंगरीच्या डोंगराकडे वळली. मार्च २०२५ मध्यें तेथील सुमारें १२,४०० झाडांविषयीं नोटीस निघाली, आणि आसपासच्या लोकांनीं हरकती घेतल्या.

पाहा, मनुष्यास वाचा होती, म्हणून त्याचें घर वांचलें. घरट्यांतील पिलाकरितां कोण बोलणार? आपलें ओझें मुक्या जीवावर लोटल्यानें न्याय पुरा होत नाहीं.

प्रवासाची सोय वाईट नव्हे. मजुरासही गाडी हवी. परंतु, "दुसरी जागा आहे काय? थोड्या झाडांत भागेल काय?" हें विचारणें बंड नव्हे. १९७५ च्या महाराष्ट्रांतील नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानें हरकतीचा अधिकार दिला आहे. तर उपदेशकांनो, अशी नोटीस लागली कीं ती मंडळीस वाचून दाखवा. ज्यास लिहितां येत नाहीं, त्याची हरकत लिहून द्या. देवानें आदामास बाग राखावयास दिली होती. तें काम आपणांवरून उतरलेलें नाहीं.

प्रभु आपणांस धैर्य देवो. आमेन.